स्लॅबवरच्या मुंग्या

मी भूगोल शिकवतो. पंचवीस वर्षं झाली. नैर्ऋत्य मोसमी वारे, परतीचा पाऊस, पर्जन्यछायेचा प्रदेश हे सगळं मी फळ्यावर बाण काढून इतक्या वेळा शिकवलंय, की 'आपला जिल्हा पर्जन्यछायेत येतो' हे वाक्य मी झोपेतही म्हणतो असं बायको सांगते. पण आईच्या घराचा स्लॅब टाकायची वेळ आली आणि येत्या गुरुवारी आमच्या दोन गुंठ्यांवर पाऊस पडेल की नाही, एवढं साधं मला सांगता येईना. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात, ते हेच.

आमचं गाव सोनईच्या पुढे. मी नगरला सावेडीत फ्लॅटमध्ये राहतो, आई गावाकडे एकटी. वडील गेल्यावर तिला नगरला आणायचे सगळे प्रयत्न करून झाले. "तुमच्या त्या डब्यात मला कोंडू नका," एवढं एकच तिचं उत्तर. शेवटी तिचं पत्र्याचं घर पाडून त्याच जागी पक्कं घर बांधायचं ठरलं. दिवाळीपर्यंत कॉलम आणि भिंती उभ्या राहिल्या. स्लॅब दिवाळीच्या सुट्टीत टाकायचा, कारण मला मोकळीक तेव्हाच. तोवर आई गोठ्याशेजारच्या खोलीत चूल मांडून राहिली होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, "आमच्या सरांचा स्लॅब आभाळात अडकलाय."

काम चाचांकडे होतं. चाचा म्हणजे गावातले मिस्त्री. वय सत्तरीला टेकलेलं, हात मात्र अजून तसेच. मी शाळेत होतो तेव्हा आमचा गोठा त्यांनीच बांधला. गावातली निम्मी घरं त्यांच्या हातची. ते फारसं बोलत नसत, पण एक वाक्य त्यांचं ठरलेलं होतं: "माज्या स्लॅबखाली पावसाळ्यात कुनी बादली ठिवली न्हाई." ही बढाई नव्हती. गावात कुणालाही विचारा.

आणि त्यांना एक शेवटचं काम करायचं होतं. मारुतीच्या देवळापुढे सभामंडप व्हायचा होता. तो करायचा आणि मग थापी ठेवून द्यायची, असं त्यांनी चारचौघांत सांगितलं होतं. देवळाच्या कमिटीत दोन तट पडले. देवळाची भिंत चाचांनी बांधली, ओटा चाचांनी बांधला, मग मंडप दुसऱ्याला का, असं एका तटाचं म्हणणं. दुसऱ्या तटाला नगरचा एक तरुण ठेकेदार हवा होता. तो गाडीतून तयार काँक्रीट आणतो, पाइपाने वर सोडतो, दोन तासांत खेळ खलास. अध्यक्षांनी मधला मार्ग काढला. "सरांचा स्लॅब होऊ द्या. आपण जाऊन बघू. शनिवारी बैठकीत ठरवू." म्हणजे आईच्या घराच्या छतावर चाचांची परीक्षा होती, आणि पेपर कधी घ्यायचा ते मात्र मी ठरवणार होतो.

मी तारखेच्या मागे लागलो. मोबाईलवर हवामानाची तीन अ‍ॅपं घेतली. एकाने सूर्य दाखवला, दुसऱ्याने ढग आणि खाली तीन थेंब, तिसऱ्याने नुसता वारा. गावच्या ग्रुपवर कुणीतरी रोज एक अंदाज पाठवायचं, 'भाग बदलत पाऊस पडेल'. आता भाग बदलत म्हणजे आमचा भाग की शेजारचा? दिवाळीनंतरचं अवकाळी आभाळ म्हणजे आधीच उल्हास आणि त्यात फाल्गुनमास. मी वहीत तक्ता केला. तीन अ‍ॅपं, ग्रुप, रेडिओ, प्रत्येकाला एक रकाना. आईने तो तक्ता बघितला आणि विचारलं, "ह्यात पाऊस कुठंय?"

चाचांची पद्धत वेगळी होती. ते सकाळी ओट्यावर उभे राहून लांबच्या साखर कारखान्याच्या चिमणीकडे बघायचे. धूर सरळ वर गेला तर ठीक. धूर खाली लोळायला लागला तर हवेत पाणी आहे. दुसरी खूण मुंग्यांची. मुंग्या रांग धरून भिंतीवर, कॉलमवर चढायला लागल्या की पाऊस येणार. "मुंगीला मोबाईल लागत न्हाई, सर," असं ते माझ्या तक्त्याकडे बघून म्हणाले, तेव्हा मला राग आला. मुंग्यांच्या भरवशावर मी काँक्रीट ओतणार नव्हतो. माझं शिक्षण झालं होतं.

पहिली तारीख मी रद्द केली, कारण दोन अ‍ॅपांनी पाऊस सांगितला. त्या दिवशी असं ऊन पडलं की आईने कुरडया वाळत घातल्या. मजुरांची टोळी दुसरीकडे निघून गेली, ती आठ दिवस सापडली नाही.

दुसऱ्या तारखेला सगळे रकाने कोरडे होते. चाचा मात्र सकाळी सात वाजता आले ते मान हलवतच. धूर लोळत होता आणि जिन्याजवळच्या कॉलमवर मुंग्यांची रांग लागली होती, तोंडात पांढरी अंडी घेऊन. मी म्हणालो, "चाचा, टोळी आलीये, मिक्सर आलाय, आता मागे फिरायचं नाही." ते नुसते सिमेंटच्या गोण्यांवर कागद टाकत राहिले. मिक्सर सुरू करायच्या आधीच दहा वाजता अशी सर आली की वाळूच्या ढिगातून ओहोळ निघाले. अंथरलेली सळई दुसऱ्या दिवशी नारिंगी दिसायला लागली. आई म्हणाली, "मुंग्यांना शाळेत लाव."

एवढं होऊनही मी चाचांवर विश्वास ठेवायला शिकलो का? नाही. मी तक्त्यात सहावा रकाना वाढवला. त्याला नाव दिलं, मुंग्या.

तिसरी तारीख गुरुवारची निघाली. धूर बरा होता, मुंग्या नव्हत्या, दोन अ‍ॅपं कोरडी होती, फक्त तिसरं अ‍ॅप संध्याकाळी हलक्या सरी म्हणत होतं. चाचा म्हणाले, "भुरभुर आली तर येईल. चार वाजता आपला स्लॅब झालेला आसंल. काय न्हाई व्हत." पण माझ्या मनात पाल चुकचुकली. ओल्या स्लॅबवर पावसाचे थेंब पडले तर देवीचे व्रण पडावेत तसे खड्डे पडतात, हे मी कुठेतरी वाचलं होतं. शुक्रवारी कमिटी बघायला येणार होती. मी ठरवलं, स्लॅब झाकायचा.

झाकायला ताडपत्री हवी. मी गावभर फिरलो. पण तो भुरभुरीचा अंदाज गावात सगळ्यांच्याच मोबाईलवर आला होता, आणि गावातली प्रत्येक ताडपत्री कुणाच्या ना कुणाच्या मक्यावर नाहीतर कापसावर चढली होती. एका चुलत भावाने गाडीवरची दिली. तिच्यात निम्मा स्लॅब झाकला जाणार होता. उरलेल्या निम्म्याचं काय?

बुधवारी मी सोनईला जिलेबी सांगायला गेलो. आमच्याकडे स्लॅबच्या दिवशी टोळीला गोडाचं जेवण द्यायची पद्धत आहे, आणि ते दिलं नाही तर घरमालकाचं नाव चार गावं फिरतं. मिठाईवाल्याच्या दुकानामागे रिकाम्या गोणपाटांचा ढीग पडला होता. दिवाळी नुकतीच संपलेली. मला काय आनंद झाला! गोणपाट पाण्यात भिजवून स्लॅबवर अंथरायचं, वरून थेंब पडले तरी खाली खड्डा नाही, आणि ओलावाही राहतो. पुस्तकात असतं तसं. मिठाईवाला म्हणाला, "घेऊन जा सगळी, मला जागाच मोकळी होईल." मी जिलेबीची ऑर्डर द्यायच्या आधी टेम्पो बोलावून त्यात गोण्या भरल्या.

गुरुवारी स्लॅब झाला. आईने नारळ फोडला, मिक्सरला हळदकुंकू वाहिलं, पहिलं घमेलं तिच्याच हाताने ओतलं. सकाळच्या वेळात पूर्वेचा निम्मा भाग भरला. मग जेवणं झाली, पंगतीत जिलेबीवरून दोन पोरांची शर्यत लागली. दुपारी पश्चिमेचा भाग सुरू केला, तेव्हा चाचांना जरा गरगरलं. ते अर्धा तास लिंबाखाली बसले. आईने ताक दिलं. तेवढा अर्धा तास टोळीने आपल्या आपण काम केलं. मग ते पुन्हा वर गेले आणि चारच्या आत शेवटचं घमेलं पडलं.

चाचा खाली मिक्सर धुऊन घेत होते, तोवर मी दोन मजुरांना हाताशी धरलं. काँक्रीट जरा आवळू दिलं, म्हणजे वरून घट्ट होऊ दिलं. पूर्वेला ताडपत्री टाकली आणि पश्चिमेला भिजवलेली गोणपाटं अंथरली. दिवे लागायच्या सुमारास भुरभुर आली, अर्धा तास राहिली आणि गेली. मी छत्री घेऊन खाली उभा होतो आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होतो.

शुक्रवारी सकाळी चाचा आणि मी वर गेलो. ताडपत्री काढली. खाली स्लॅब असा घट्ट की हाताने टिचकी मारली तर खणखणला. मग गोणपाटं उचलली आणि एका कोपऱ्यात जिन्याजवळ ढीग केला. चाचा खाली बसले, अंगठा टेकवला. अंगठा आत गेला.

त्यांनी पुन्हा टेकवला. मग दोन पावलं सरकून तिसऱ्या जागी. सगळीकडे तेच. वरचा थर काल ओतला होता तसाच, लोण्यासारखा. चाचांच्या तोंडचं पाणी पळालं. ते पूर्वेच्या भागावर जाऊन टाच आपटायचे, परत पश्चिमेला येऊन अंगठा लावायचे.

"हे काय झालं, सर?" त्यांनी मला विचारलं. मी त्यांना विचारलं. आम्ही दोघंही एकमेकांना विचारत राहिलो.

मग कारणांची झुंबड उडाली. थंडी पडली म्हणून? मग अर्ध्याच भागाला थंडी वाजली का? सिमेंट जुनं? पण एकाच गाडीतलं. पाणी खारं? पाणी एकाच बोअरचं. आभाळ आलं होतं म्हणून? आभाळ दोन्हीकडे सारखंच. भुरभुरीचं पाणी मुरलं? ते मुरू नये म्हणून तर मी गोणपाटं घातली होती. एक मजूर म्हणाला, पुनव जवळ आलीय. मी वहीचा तक्ता काढून पुन्हा बघितला, जणू त्यात लिहिलेलं असेल. डोक्याचा पार भुगा झाला. मला फरक एकच दिसत होता. जो भाग आवळला तो सकाळचा, जो आवळला नाही तो दुपारचा. आणि दुपारी चाचा अर्धा तास बसले होते.

हे माझ्या मनात आलं, आणि खरं सांगतो, आलं तेव्हा मला बरं वाटलं. काहीतरी कारण सापडलं होतं. टोळीने पाणी जास्त घातलं असणार, मिस्त्री बघत नसताना. नेहमी असंच होतं, मजूर पाणी ढिलं करतात.

चार वाजता कमिटी आली. अध्यक्ष आणि बरोबर दोघं. वर आले, इकडेतिकडे फिरले. एकाने नखाने ओरखडा काढला आणि आपल्या नखाकडे बघत राहिला. कुणी हसलं नाही, तेच वाईट होतं.

अध्यक्ष म्हणाले, "चाचा, हे काय?"

"समजंना मला बी," चाचा म्हणाले. "रोजच्यासारखाच माल हुता. रोजच्यासारखंच केलं."

अध्यक्ष माझ्याकडे वळले. "सर, तुमी हितंच हुता ना? तुमचं काय म्हननं?"

आणि मी म्हणालो, "दुपारी चाचांना जरा बरं नव्हतं. थोडा वेळ ते खाली बसले होते."

मी खोटं बोललो नव्हतो. पण चाचांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि मग स्वतःच्या हातांकडे बघितलं. अध्यक्ष त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "व्हतं चाचा, वय झालं की." सगळे खाली उतरले. आईने केलेला चहा कुणी नीट प्यायला नाही.

शनिवारी चाचा सकाळी आले नाहीत. दुपारी मी एकटाच वर जायला निघालो, तर जिन्याजवळच्या कॉलमवर मुंग्यांची रांग. खालून वर, वरून खाली, अगदी शिस्तीत. पाऊस! अजून निम्मा स्लॅब ओला आणि वर पाऊस आला तर सगळंच वाहून जाईल. या खेपेला मुंग्यांचं ऐकायचं, असं म्हणून मी धावत ताडपत्री आणली, तिच्या दोऱ्या सोडवताना स्वतःच्याच पायात अडकून पडलो. आई खालून ओरडली, "आरं, काय चाललंय तुजं?" मी म्हणालो, "मुंग्या चढतायत!" ती म्हणाली, "चढू दे की मग. लख्ख ऊन पडलंय."

मी आभाळाकडे बघितलं. ढगाचा ठिपकाही नव्हता. मोबाईल काढला. तिन्ही अ‍ॅपांवर सूर्य होता, पहिल्यांदाच तिघांचं एकमत झालं होतं. कारखान्याचा धूर काठी उभी केल्यासारखा सरळ. मग मुंग्यांना झालं काय? मी गुडघ्यावर बसून बघायला लागलो. त्यांच्या तोंडात अंडी नव्हती. रिकाम्या तोंडाने वर जात होत्या आणि कोपऱ्यातल्या गोणपाटांच्या ढिगात शिरत होत्या.

मी एक गोणपाट उचललं. हाताला चिकट लागलं. तोंडाला लावून बघितलं.

गोड होतं.

माणसाला गोड लागून इतकी भीती वाटू शकते हे मला माहीत नव्हतं. दिवाळीभर मिठाईवाल्याने त्या गोण्यांतून साखर ओतली होती, पाकाचे हात पुसले होते, आणि मी त्या पाण्यात भिजवून ताज्या काँक्रीटवर पसरल्या होत्या. वरून भुरभुर आली आणि उरलीसुरली साखर खाली उतरली. मोबाईलवर शोधलं. लगेच सापडलं. जरा साखर गेली तरी सिमेंट आवळायचं थांबतं. साखरेच्या पोत्यांनी स्लॅब झाकू नये, असं अगदी तसंच लिहिलेलं होतं. बहुतेक वेळा वरचा थरच बिघडतो, खालचं काँक्रीट चांगलं असतं, हेही होतं. मी खिळा घेऊन ओरबाडलं. करंगळीच्या अर्ध्या पेराइतकं मऊ निघालं आणि खाली खिळा खर्रकन थांबला. तीन ठिकाणी बघितलं. तिन्ही ठिकाणी खाली दगड होता.

म्हणजे स्लॅब चांगला होता. चाचा चांगले होते. टोळीने पाणी जास्त घातलं नव्हतं. बिघडवलं होतं ते मी, आमच्या ह्या उसाच्या मुलखात राहून, साखर खाऊन मोठा झालेल्या भूगोलाच्या मास्तराने.

चार वाजता चाचा आले. अंगात धुतलेला सदरा, डोक्यावर ठेवणीतली टोपी. कमिटीची बैठक सहाला होती. ते ओट्याच्या कडेला बसले, आईने दिलेलं पाणी प्यायले आणि मला म्हणाले, "सर, तुमी येता का माज्यासंगं?"

मी हातातला खिळा खिशात टाकला.

"मला काय बोलावं तेच कळंना. पन्नास वर्सं झाली, आसं कदी झालं न्हाई. कायतरी कारन आसंल ना? तुमी शिकलेले. तुमाला काय वाटतं?"

तोंड उघडायचं, एवढंच काम होतं. पण माझ्या डोळ्यांपुढे देवळाचा पार आला. कालच मी त्या माणसांसमोर चाचांच्या वयावर बोट ठेवून आलो होतो. आज जाऊन सांगायचं की साखर मीच घातली. हात दाखवून अवलक्षण. सरांनी स्लॅबला जिलेबी चारली, हे मी मरेपर्यंत ऐकलं असतं, सोमवारी शाळेत पोचायच्या आधी ते शाळेत पोचलं असतं. मी मनाशी म्हटलं, उद्या सांगू. चाचांना एकट्याला, शांतपणे.

मी म्हणालो, "मलाही काही कळत नाहीये, चाचा. सगळा गोंधळच आहे."

ते "व्हय, गोंधळच हाय," असं म्हणून उठले आणि एकटेच देवळाकडे गेले. आई चुलीपाशी होती. ती मला म्हणाली, "जायचं की रं त्यांच्यासंगं." मी म्हणालो, मला तक्ता बघायचाय. कसला तक्ता, ते तिने विचारलं नाही.

रविवारी सकाळी चाचा आले ते छिन्नी-हातोडा घेऊन. मंडपाचं काम नगरच्या ठेकेदाराला दिल्याचं त्यांनीच सांगितलं. "बरं झालं," म्हणाले. "एवढं मोठं काम माज्यानं झालं बी नसतं." मग जिना चढून वर गेले. पश्चिमेचा भाग फोडून पुन्हा भरून द्यायचा, असं ते घरून ठरवूनच आले होते. त्यांनी छिन्नी टेकवली, हातोडा उचलला. मी त्यांचा हात धरला.

मग मी सगळं सांगितलं. मिठाईवाला, गोण्या, मुंग्या. चाचांनी ऐकून घेतलं. मग छिन्नी बाजूला ठेवली, थापी काढली आणि वरचा मऊ थर खरवडला. थापी खालच्या काँक्रीटला लागून वाजली. आणखी एका जागी खरवडलं. मग तिसऱ्या. हातोड्याने हलकेच ठोकलं. सगळीकडे तोच आवाज, खणखणीत.

त्यांनी वर न बघता विचारलं, "कदी कळलं तुमाला?"

"काल."

"काल कदी?"

"दुपारी."

"मी यायच्या आदी?"

"हो."

ते नुसतं "बरं" म्हणाले आणि खरवडायला लागले. मला तिथे उभं राहवेना. मी धावत अध्यक्षांच्या घरी गेलो. साखरेची गोष्ट धापा टाकत सांगितली. ते हसले, पण प्रेमाने. "सर, चाचांसाठी तुमचा जीव तुटतोय ते कळतंय. पन साखरेनं कुटं सिमीट बिगडतं व्हय? आपन सगळे साखरेच्या मुलखातले." मी मोबाईलवर दाखवलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं, पुन्हा वाचलं, आणि मग त्यांचं हसू गेलं. "हे काल बैठकीत का न्हाई सांगितलं? काल रातीच सुपारी दिली त्याला. आता शब्द कसा फिरवू?" त्यांनी चहा मागवला, तो येईपर्यंत मी थांबलो नाही.

परत आलो तर चाचांनी सगळा मऊ थर काढून, धुऊन, वर नवा माल पसरायला घेतला होता. मजूर नव्हता, आईच खालून घमेल्यात थोडं थोडं देत होती. मी सदरा काढून घमेलं तिच्या हातातून घेतलं. मी माल देत होतो, चाचा पसरत होते. त्यांचा हात संथ फिरत होता, थापीमागे कडेपर्यंत एकसारखी साय धरत होती.

कोपऱ्यापर्यंत आल्यावर ते थांबले. थापी पाण्यात बुडवली, निथळली. आणि माझ्याकडे पाठ असतानाच म्हणाले, "मंडपाचं जाऊ द्या, सर. त्याचं काय न्हाई. पन काल रातभर मी हे हात बगत बसल्तो. म्हनलं, गेले आता हे. तुमी सांगितलं आसतं तर निदान तेवढी रात तरी..." ते पुन्हा वाकले आणि उरलेला कोपरा पुरा केला.

या पावसाळ्यात आईच्या घरात कुठेही बादली ठेवावी लागली नाही. वास्तुशांतीला चाचांना टोपी-टॉवेल-नारळ दिला, त्यांनी तो घेतला, आईला म्हणाले, "वहिनी, स्लॅब चांगला हाय." माझ्याशीही चार गोष्टी बोलले, पावसापाण्याच्याच. ती छिन्नी मात्र आमच्याकडेच राहिली, जिन्याखाली. न्यायला ते आले नाहीत आणि नेऊन द्यायचं धाडस मला झालं नाही.

हवामानातलं मला अजूनही काही कळत नाही. मुलांना सांगतो, अंदाज म्हणजे अंदाज, तो चुकतो, माणूस गोंधळतो, त्यात त्याचा दोष नसतो. हे सांगताना मी फळ्याकडे तोंड करून असतो. कारण त्या शनिवारी दुपारी आभाळ स्वच्छ होतं आणि मी मुळीच गोंधळलेलो नव्हतो.